परत येणारा खंड्या

"पण सर, आत शू कुठे करायची?"

हा प्रश्न मी विचारला. भर बारशात, दोनशे माणसांसमोर, माइकवर! पैज दोन दाण्याच्या लाडवांची होती, आणि पैज लावणारी शलाका मोहिते माझ्या मागच्याच रांगेत बाहीत तोंड खुपसून खिदळत होती. ती आणि विभा, दोघींनी मिळून मला चढवलं होतं. "तू वक्तृत्वात पहिली आलीस ना? मग विचार की! नाहीतर कप परत कर."

मी तेव्हा आठवीत होते, आता दहावीत आहे. पण कॅन्टीनच्या रांगेत अजून कुणीतरी म्हणतंच, "अगं, ही तीच. शूवाली." पूर्वी मी मान खाली घालायचे. आता सरळ म्हणते, हो, मीच ती. कारण त्या दिवशी तिथल्या दोनशे जणांत कामाचा प्रश्न एवढा एकच होता. मला ते माहीत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आमची गेरूवाडी म्हणजे अवकाशात गरगरणारा एक लालभडक दगड. आतून पोखरलेला, आणि पोटात चार हजार माणसं. पणज्या-पणजोबा खाणकामाला आले आणि इथेच राहिले. इथे दगड मोप, पाणी नाही. पाणी म्हणजे बाहेरून वाहत येणारा बर्फ. त्या बर्फाच्या रांगेवर हक्क आमचा की पलीकडच्या वस्तीचा, यावरून मी चौथीत असल्यापासून लढाई चालली होती.

खंड्या हे त्या लढाईसाठी बनवलेलं आमचं एकट्याने उडवायचं छोटं यान. लांब जात नाही. बर्फाच्या रांगेपर्यंत सूर मारायचा, पलीकडच्यांना पिटाळायचं, परत यायचं. नाव त्यावरूनच, पुस्तकातला खंड्या पक्षी मासा धरून पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसतो म्हणे. आमच्या पहिल्या सात खंड्यांतून सात जण गेले, एकात एक. बर्फ राखला. सातांतला एकही फांदीवर येऊन बसला नाही. इंधन जायला पुरलं, लढायला पुरलं, यायला पुरलं नाही. सातवा शलाकाचा भाऊ, हृषीदादा.

म्हणून नव्या खंड्याच्या बारशाला अख्खी वाडी लोटली होती. गाळ्यात, म्हणजे जिथे यानं बांधतात तिथे, भिंतभर कापड लावलं होतं: 'हा परत येतो.' आणि त्या नव्या खंड्याचा आराखडा काढला होता माझ्या बाबांनी! विश्राम दांगट, रचनाखातं. मी तर सकाळपासून हवेत होते.

आमच्याकडे नव्या यानाचं बारसं करतात. खोटं नाही, खरंच, पाळणा म्हणून. यानाला आत्या कुठून असणार, म्हणून शाळेतल्या मुली दाराशी वाकून आत "कुर्रर्र" करतात आणि नाव सांगतात. मग मुलांनी प्रश्न विचारायचे आणि गाळेप्रमुखांनी उत्तरं द्यायची. गाळेप्रमुख भुस्कुटे सर. त्यांना प्रश्न आवडायचे, कारण उत्तरं देताना फोटो निघायचे.

"शू?" भुस्कुटे सर माइकवर खो खो हसले. "अगं बाई, नव्वद मिनिटांचा तर प्रवास! नव्वद मिनिटं दम धरवत नाही होय तुला?"

सगळा गाळा हसला.

"पिशवी होती हं तशी," ते म्हणाले. "पण तुझ्या बाबांनीच काढून टाकली. सहाशे ग्रॅम वाचले! गादी काढली, दिवा काढला, हवेचं दुसरं नळकांडं काढलं. दांगटांचा हात धरला नसता तर दारसुद्धा काढलं असतं. ये, बस आत. तूच बघ."

आणि मी चक्क बसले! बारशाच्या यानात, सगळ्यांच्या आधी मी. पट्टे खांद्यावर बरोबर बसले. हात पुढे केले तर दांडे मुठीत. पाय लांब केले तर दोन्ही पायपट्ट्या थेट तळव्याखाली. जराही ताणावं लागलं नाही.

"बाबा!" मी आतून ओरडले. "अगदी माझ्या मापाचं आहे!"

परत सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते दाराशी आले, हात आत घालून माझे पट्टे सोडवले.

"उतर."

"अहो पण सरांनीच..."

"चैत्राली, उतर."

घरी मी चैत्रू असते. पूर्ण नाव म्हणजे काहीतरी बिनसलंय. मला वाटलं, शूमुळे.

शलाकाने पैजेचे दोन लाडू प्रामाणिकपणे आणून दिले. आठवड्याच्या शिध्यातले, तिच्या वाट्याचे. "बाई, तू जिंकलीस. मोठी झालीस की वाडीची प्रमुख हो," म्हणाली. मी दोन्ही लाडू तिच्यासमोर उभं राहून खाल्ले. तिसऱ्या घासाला तिने नुसतंच विचारलं, "गोड आहेत ना?" आणि मी तोंड भरलेलं असल्यामुळे मान हलवली.

तसे लाडू मला कमी नव्हते. ते वर्षच खाण्याचं होतं. बाबा रोज स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून माझ्या ताटात टाकायचे. वर दाण्याचं कूट, वर तेल. "खा. वाढीचं वय आहे." मी नको म्हटलं तर समोर बसून राहायचे. त्यांची गालफडं बसत चालली होती आणि माझे गाल वर येत होते.

"अहो, तिला काय विकायला काढायचीय?" आई म्हणायची.

बाबा काही बोलायचे नाहीत. कामाबद्दल तर घरात अवाक्षर नाही. गाळ्यातलं गाळ्यात.

शलाका आणि विभा मला टमी म्हणू लागल्या होत्या. शलाका हडकुळी, उंच, बोटंसुद्धा लांब लांब. कवायतीला उभी राहिली की गणवेश वाळत घातल्यासारखा दिसायचा.

बारशानंतरच्या सोमवारी शाळेच्या फळ्यावर सूचना लागली. नव्या खंड्यासाठी स्वयंसेवक हवेत. आठवी ते दहावी. नजर चांगली, हात चलाख, वजन चाळीस किलोच्या आत.

शाळेत नुसता गोंधळ! आम्हाला वाटत होतं की मोठी माणसं उडणार आणि आम्ही टाळ्या वाजवणार. आता आम्ही उडणार होतो! घाबरायचं कशाला? हा तर परत येतो. भिंतीवर लिहिलंय. आणि तो माझ्या बाबांनी काढलाय, हे मी दिवसभरात जो भेटेल त्याला सांगितलं. हृषीदादाच्या आईला, म्हणजे मोहितेकाकूंनाही मीच सांगितलं. त्या जिन्यात भेटल्या. "नक्की येतो ना गं परत?" त्यांनी विचारलं.

"काकू, माझ्या बाबांचं गणित कधी चुकत नाही," मी म्हटलं.

त्या तेवढ्यावर घरी गेल्या आणि शलाकाच्या अर्जावर सही केली.

वजन शाळेच्या सभागृहात. "बूट काढा, गणवेश राहू दे," सिस्टर ओरडत होत्या. रांग भराभर सरकत होती. शलाका छत्तीस किलो. विभा अडतीस किलो दोनशे. मी ताठ उभी राहिले, श्वाससुद्धा सोडून दिला, म्हटलं तेवढाच हलका.

"बेचाळीस तीनशे. पुढची."

"सिस्टर, पुन्हा बघा ना!"

"बाळ, काटा तोच आहे. पुढची!"

शलाका माझ्या गळ्यात पडली. "टमे, तू राहा इथे भाकऱ्या थापत. मी दोन सूर मारून येते." मग कानात म्हणाली, "दादा जिथे थांबला ना, तिथून जाऊन परत येणार मी. परत, कळलं?"

मी घरी येऊन उशीत तोंड घालून रडले. आई पाठीवरून हात फिरवत होती. बाबा आले, दारातच थांबले.

"किती भरलं?"

"बेचाळीस तीनशे," मी हुंदके देत ओरडले. "तुमच्या भाकऱ्यांनी!"

आणि बाबा हसले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. हसू दाबायला त्यांनी तोंड फिरवलं, पण मी पाहिलं.

"हसताय काय?" आई भडकली. "पोर रडतेय इथे."

"काही नाही," बाबा म्हणाले, आणि मोरीत जाऊन किती तरी वेळ तोंड धूत बसले. इतकं पाणी त्यांनी कधी सांडलं नव्हतं.

निवड शलाकाचीच झाली. सगळ्यात हलकी आणि सगळ्यात चलाख. वीस दिवस तिची तालीम चालली. आता ती मधल्या सुट्टीत यायची ती थाटात, आणि आम्ही तिच्याभोवती कोंडाळं करायचो. एकदा ती म्हणाली, "भुस्कुटे सर फार खूश आहेत माझ्यावर. म्हणाले, चाळीसचा हिशेब धरला होता, तू छत्तीसची निघालीस. ते चार किलो फुकट कशाला घालवायचे? काडतुसांची एक पेटी जास्त बसवली त्यांनी."

"म्हणजे तुझ्या हाडांची काडतुसं केली," विभा म्हणाली, आणि आम्ही तिघी पोट धरधरून हसलो.

निघायच्या दिवशी पहाटे तिचं शेवटचं वजन झालं, पोशाखासकट. बाबा वरच्या खोलीत होते, जिथून यानाशी बोलतात आणि आकडे बघतात. त्या खोलीला खाली गाळ्यात बघणारी खिडकी नाही.

खाली आई आली होती, आणखी चौघी होत्या. आईच्या हातात सूप.

"लेक निघालीय," आई म्हणाली. "रिकाम्या ओटीने कशी पाठवायची?"

ओटीला नारळ लागतो हे आम्ही वाचलेलं. बघितला कुणी आहे? पणज्यांनी ठरवलं, नारळाऐवजी गेरूचा गोटा. नदी नाही, म्हणून हातानेच घासून गुळगुळीत करायचा. पाच बायकांनी पाच गोटे घालायचे, सोबत मूठमूठ नाचणी. आणि गेरूवाडीची रीत अशी की ओटी घरी परत आल्यावरच सोडायची, मध्ये कुठे खाली ठेवायची नाही. ठेवली तर माणूस तिथेच राहतं म्हणतात. हृषीदादाची ओटी कुणी भरली नव्हती. पुरुषांची भरत नाहीत.

गोटे मी आणले होते. आदल्या दिवशी खाणीच्या तोंडाशी बसून ढिगातले सगळ्यात मोठे निवडले, सगळ्यात लाल. दुपारभर घासले. माझ्या मैत्रिणीसाठी बारकेसारके कसे चालतील?

शलाकाने पोशाखाचं पोटावरचं झाकण उघडलं आणि पाचही गोटे आत घेतले. पोट पुढे काढून मला म्हणाली, "बघ टमे, आता मीही टमी!"

भुस्कुटे सर तिथेच होते. "वा, वा, आपली संस्कृती," म्हणाले. "एक फोटो होऊन जाऊ दे." तो फोटो अजून शाळेच्या जिन्यात लावलेला आहे. शलाका मध्ये, आईचा हात तिच्या पोटावर, बाजूला मी. सगळे हसतोय.

मग ती गेली.

आम्ही गाळ्यात बसून होतो. वरून कर्ण्यातून बातम्या येत होत्या. पोचली. एक पिटाळलं. दोन पिटाळली. पलीकडचे वळले! लोक नाचायला लागले. मग, "खंड्या परत फिरला." मोहितेकाकूंनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. भिंतीवर मोठं घड्याळ होतं. पंचाहत्तर मिनिटं. ऐंशी. ऐंशीनंतर कर्णा बोलेना.

नव्वद झाली.

"येईल," मी काकूंना म्हटलं. "बाबांचं गणित आहे."

सत्त्याण्णव मिनिटांनी गाळ्याचं बाहेरचं दार सरकलं आणि खंड्या आत आला. आपण होऊन, सरळ रेषेत, हळूच आपल्या जागेवर येऊन टेकला. अगदी फांदीवर बसल्यासारखा. मी आयुष्यात इतक्या टाळ्या ऐकल्या नाहीत. भुस्कुटे सर टेबलावर चढले होते. "परत आला! परत आला!" मीही ओरडत होते, घसा बसेपर्यंत. काकूंना मिठी मारून मी वर-खाली उड्या मारत होते.

बाबा वरून जिना उतरत आले. धावत नाही, एकेक पायरी. त्यांनी यानाचं दार उघडलं आणि तिथेच खाली बसले.

हवा नव्वद मिनिटांची होती.

तिसऱ्या दिवशी ते घरी जेवायला आले. आईने ताटं वाढली होती. बाबांनी पिशवीतून एकेक करून पाच गोटे काढले आणि ताटाशेजारी ओळीने ठेवले. लाल, गुळगुळीत. एकाला अजून नाचणीचा दाणा चिकटलेला.

"हे कुणी दिले?" त्यांनी विचारलं.

आई गोट्यांकडे बघत राहिली. "ओटी भरली होती. शकुनाची."

"एकेक चारशे ग्रॅमचा आहे. दोन किलो." बाबांचा आवाज चढला नाही. "एका किलोची सवलत होती माझ्याकडे. एका. भुस्कुट्यांनी चार किलो खाल्ले, तरी एक मी लपवून ठेवला होता. जास्तीच्या वजनाने येतानाचा वेग कमी पडला. सात मिनिटं उशीर झाला. मी वर बसून बघत होतो, आकडा जुळत नव्हता. म्हटलं, हिच्या अंगावर आहे तरी काय?"

"मग सांगायचं होतंत!" आई किंचाळली. "एका शब्दाने सांगायचं होतंत, की ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब आहे! घरात कधी तोंड उघडता तुम्ही? मी तिच्या पोटावर हात ठेवून म्हटलं हो, सुखरूप ये म्हणून!"

"गोटे मी निवडले," मी म्हटलं. "आई, सगळ्यात मोठे मी निवडले."

बाबांनी सवयीने स्वतःची भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या ताटात टाकली. वर कूट. वर तेल.

मी त्या भाकरीकडे बघितलं. वर्षभराच्या भाकऱ्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. ते हसू. अगदी माझ्या मापाच्या त्या पायपट्ट्या.

"बाबा," मी विचारलं, "चाळीस किलो हे तुम्हाला कधी कळलं?"

त्यांनी कुटाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"मोठ्या माणसाला घेऊन तो परत येत नाही. येऊच शकत नाही. हो ना? हे कधी कळलं?"

"मागच्या वर्षी," बाबा म्हणाले. "सगळं काढून पाहिलं. गादी, दिवा, पिशवी, नळकांडं. तरी तीस किलो जास्तच. मग भुस्कुटे म्हणाले, वैमानिकच लहान घ्या. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी काढला असता. तुझं वजन तेव्हा चौतीस होतं, चैत्रू. मी काय करणार होतो?"

"शलाका छत्तीसची होती. ती आपल्याकडे रोज यायची. तिला एकदा तरी भाकरी वाढलीत?"

बाबांनी ताटावर हात ठेवला.

"नवी यादी लागलीय," मी म्हटलं. "आज फळ्यावर. भुस्कुटे सरांनी प्रार्थनेनंतर सांगितलं, यान परत आलं, म्हणजे रचना यशस्वी. आता नऊ खंड्या बांधणार. नऊ नावं आहेत, नऊही मुली. पहिलं नाव विभाचं. परवा पुन्हा वजन."

आईने पदर तोंडाला लावला.

"बाबा, तुम्ही उद्या जाऊन सगळ्यांसमोर सांगणार आहात? माइकवर? की हा मोठ्यांना परत आणत नाही, आणि लहानांनाही जेमतेमच?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग गोट्यांकडे. मी थांबले. वक्तृत्वाच्या स्पर्धेत शिकवतात, समोरच्याला वेळ द्या. मी भरपूर वेळ दिला. आमटीवर साय आली.

मग मी ताट बाजूला सारलं आणि पाचही गोटे माझ्याकडे ओढून घेतले.

"आई, सुई-दोरा काढ," मी म्हटलं. "गणवेशाच्या घड्यांत आतून खिसे शिवायचेत. काट्यावर फक्त बूट काढायला लावतात. विभा अडतीस दोनशेची आहे, तिला हे पाच पुरतात. बाकीच्या आठ जणींचे मी उद्या खाणीवरून आणते. आणि बाबा, त्या आठ जणी आणि विभा उद्यापासून रोज आपल्याकडे जेवतील. मी सांगून आलेय त्यांना."